महिन्याला ५८ डॉलर आणि एक निळी पुस्तिका: मिशिगनमधल्या माझ्या युनियनच्या सेवेचे परीक्षण

मिशिगन राज्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी २००९ पासून रात्रपाळीला तंत्रज्ञ म्हणून काम करते आहे. पगार, रजा, पाळ्या, विमा आणि शिस्तीचे नियम यांबाबत आम्हा कर्मचाऱ्यांच्या वतीने व्यवस्थापनाशी करार करणारी आणि तो पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवणारी एक युनियन इथे आहे. तिची वर्गणी आज महिन्याला ५८ डॉलर, म्हणजे वर्षाला ६९६ डॉलर आहे. एवढ्या पैशांची वस्तू घ्यायची असती तर आपण चार जणांना विचारले असते, मग युनियनबद्दल कोणाला विचारायचे, असे प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या एका मुलीने मला विचारले. तिला तोंडी दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ही एकच सेवा, त्याच रुग्णालयात आणि त्याच युनियनकडून, मी तीन वेगवेगळ्या परिस्थितींत घेतली आहे. आधी पैसे देणे बंधनकारक होते, मग ‘राइट टू वर्क’ नावाच्या कायद्यामुळे ते ऐच्छिक झाले, आणि तो रद्द झाल्यानंतर आता पुन्हा बंधनकारक आहे. मधल्या काळात काही महिने मी पैसे देणे थांबवलेही होते. युनियनचे आणि रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या आमच्या एका शाखेपुरत्या आहेत, आणि तिथे राबणारी माणसे माझ्या रोजच्या ओळखीची आहेत.

ही सेवा समजून घ्यायची तर आधी कायदा समजून घ्यावा लागतो, कारण इतर कोणत्याही सेवेच्या बाबतीत घडत नाही अशी एक गोष्ट इथे घडते. ‘राइट टू वर्क’ हे नाव ऐकून रोजगाराची हमी देणारा कायदा डोळ्यांपुढे येतो, परंतु या कायद्यामुळे कोणाला काम मिळत नाही आणि कोणाचे काम टिकतही नाही. नोकरीवर राहण्यासाठी युनियनला वर्गणी किंवा शुल्क द्यावेच लागेल, अशी अट युनियन आणि मालक यांच्या करारात घालण्यास तो मनाई करतो, इतकाच त्याचा अर्थ. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने कामगारांनी बहुमताने निवडलेल्या युनियनला त्या गटातल्या प्रत्येक कामगाराची एकमेव प्रतिनिधी ठरवले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी संसदेने टाफ्ट-हार्टली कायदा केला, आणि त्याच्या कलम १४(ब) ने राज्यांना शुल्काची अट बेकायदा ठरवण्याची मोकळीक दिली. फ्लोरिडा आणि आर्कान्सा यांनी तर १९४४ मध्येच आपल्या राज्यघटनांत तशी दुरुस्ती करून घेतली होती. आज २६ राज्यांत राइट टू वर्क कायदा आहे. मिशिगनने तो डिसेंबर २०१२ मध्ये केला, २८ मार्च २०१३ पासून तो लागू झाला, २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला आणि १३ फेब्रुवारी २०२४ पासून ती रद्दबातलता अमलात आली. १९६५ साली इंडियानाने आपला कायदा मागे घेतला होता, त्यानंतर असे करणारे मिशिगन हे पहिलेच राज्य.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. युनियनचे सभासद असल्याशिवाय कामावरच घ्यायचे नाही, ही पद्धत १९४७ पासून देशभर बंद आहे. जिथे राइट टू वर्क नाही तिथेही कोणाला सभासद होण्याची सक्ती करता येत नाही. आणि १९८८ च्या बेक खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, जो सभासद नाही त्याने हरकत घेतली तर त्याच्याकडून वाटाघाटी, करार आणि तक्रारी यांच्या खर्चापुरतेच शुल्क घेता येते, राजकीय खर्चासाठी नाही. हे मला पहिली पाच वर्षे ठाऊक नव्हते. युनियनने ते ठळकपणे सांगायला हवे होते, आणि माझ्या तक्रारींच्या यादीत हा मुद्दा वरचा आहे.

आता इतर सेवांत न घडणारी ती गोष्ट. पैसे देणारा असो वा न देणारा, गटातल्या प्रत्येकाचे प्रतिनिधित्व युनियनला सारख्याच निष्ठेने करावे लागते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने प्रथम १९४४ मध्ये एका कृष्णवर्णीय रेल्वे कामगाराच्या खटल्यात मांडले. गोऱ्यांपुरती असलेली युनियन त्याच्याच नावाने करार करून त्याला कामावरून दूर सारू पाहत होती, आणि न्यायालयाने तिला सांगितले की ज्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार घेतला आहे त्यांच्याशी भेदभाव करता येणार नाही. हे तत्त्व न्याय्य आहे आणि ते राहिलेच पाहिजे. पण शुल्काची अट काढून टाकली आणि हे बंधन तसेच ठेवले, की सेवा देणे सक्तीचे आणि तिचा मोबदला देणे ऐच्छिक अशी स्थिती होते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची मुभा कायद्यानेच दिली, तर पीठ दळणारे हात हळूहळू कमी होतात. आमच्या शाखेत नेमके तेच झाले.

या सेवेत मिळते काय? हातात मिळते ती खिशात मावेल एवढी निळ्या मुखपृष्ठाची कराराची पुस्तिका. तिच्यात वर्षागणिक वाढणारा पगाराचा तक्ता आहे, सुट्ट्यांचा क्रम ज्येष्ठतेने लागतो तो कसा हे आहे, सक्तीच्या जादा कामाची मर्यादा आहे. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे एक वाक्य आहे: योग्य कारणाशिवाय कोणालाही शिक्षा किंवा बडतर्फी होणार नाही. अमेरिकेत मोंटाना सोडले तर बाकी सर्व राज्यांत मूळ नियम असा आहे की मालक कोणालाही, केव्हाही, कारण न देता कामावरून काढू शकतो. वंश, लिंग, धर्म, अपंगत्व यांवरून काढणे बेकायदा आहे हे खरे, परंतु वरिष्ठाशी पटत नाही म्हणून काढणे बेकायदा नाही. हे एक वाक्य त्या मूळ नियमाला आमच्या रुग्णालयाच्या दारात थांबवते. पगाराच्या तक्त्याची किंमत आकड्यांत काढता येते. या वाक्याची काढता येत नाही, आणि म्हणूनच युनियनचा नफातोटा मोजणाऱ्या बहुतेक हिशेबांतून ते निसटते.

माझ्या बाबतीत ही सेवा प्रत्यक्ष कशी चालली ते सांगते.

कायदा लागू होण्यापूर्वी झालेले करार मुदत संपेपर्यंत जसेच्या तसे चालू राहणार होते. आमचा करार २०१४ च्या शरद ऋतूत संपला आणि वर्गणी ऐच्छिक झाली. तेव्हा घरात एकाच पगारावर भागवावे लागत होते आणि वर्गणी महिन्याला ५१ डॉलर होती. मी लेखी सूचना देऊन ती थांबवली. मला कोणी अडवले नाही, टोमणेही मारले नाहीत. पगाराचा तक्ता तोच राहिला, सुट्ट्या त्याच राहिल्या, आणि आपण काही गमावलेले नाही असे मला वर्षभर खरोखरच वाटत राहिले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये रुग्णालयाने हजेरीची नवी संगणक प्रणाली आणली. माझी पाळी संध्याकाळी ७ ते सकाळी ७ अशी बारा तासांची, आणि करारानुसार पाळीचे निम्म्याहून अधिक तास रात्रीत येत असतील तर संपूर्ण पाळीला ताशी २.२५ डॉलर भत्ता मिळतो. नवी प्रणाली मात्र पाळी सुरू होण्याची वेळ पाहून वर्गवारी करत होती, आणि ७ वाजता सुरू होणारी पाळी तिच्या लेखी संध्याकाळची होती. संध्याकाळच्या पाळीला भत्ता नाही. दोन आठवड्यांत माझे ७२ तास भरतात, म्हणजे प्रत्येक पगारात १६२ डॉलर कमी येऊ लागले. मी वरिष्ठांना दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा उत्तर मिळाले की पुढच्या पगारात दुरुस्त होईल. आठ पगार झाले तरी दुरुस्ती झाली नाही. १,२९६ डॉलर गेले होते.

फेब्रुवारीत एका पहाटे, सकाळच्या रक्तनमुन्यांची पहिली खेप यायला अवकाश असताना, मी हे आमच्या स्टुअर्डला सांगितले. स्टुअर्ड म्हणजे युनियनचा कामाच्या जागेवरचा प्रतिनिधी. तोही आमच्यासारखाच कर्मचारी असतो. ही बाई श्वसनोपचार विभागात काम करणारी होती. तिने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला, निळी पुस्तिका उघडली, भत्त्याच्या पोटकलमावर नख टेकवले आणि म्हणाली, “तुझ्या आठही पगारांच्या पावत्या आण, आणि वरिष्ठांना पाठवलेली दोन्ही पत्रे छापून आण.” मी वर्गणी भरते की नाही हे तिने विचारले नाही. ती भरत नाही, हे मीच ओशाळून सांगितले, तेव्हा तिने मान हलवली आणि पावत्यांबद्दलच पुढे बोलत राहिली.

या सेवेतले कौशल्य मला त्यानंतरच्या अकरा आठवड्यांत दिसले. तक्रार नोंदवण्याची मुदत पंधरा दिवसांची होती, आणि रुग्णालयाचे म्हणणे होते की ती ऑक्टोबरातच संपली. प्रत्येक कमी पगार हे कराराचे स्वतंत्र उल्लंघन आहे, शिवाय दुरुस्तीचे लेखी आश्वासन मिळाल्यामुळे कर्मचारी थांबली होती, असे स्टुअर्डने लिहून दिले. पहिल्या पायरीवर विभागप्रमुखांनी नकार दिला. दुसऱ्या पायरीवर मनुष्यबळ विभागासमोर बैठक झाली, आणि तोवर तिने हजेरीच्या नोंदी मागवून माझ्यासारखे आणखी चार जण शोधून काढले होते. त्यांतल्या दोघांना आपले पैसे कापले जात आहेत याचा पत्ताही नव्हता. तिसरी पायरी लवादाची. लवादाचा खर्च हजारो डॉलर होतो आणि आमच्या करारानुसार तो दोन्ही पक्षांनी निम्मा-निम्मा सोसायचा असतो. तिथवर जावे लागले नाही. मे महिन्यात पाचही जणांचे पैसे परत आले आणि प्रणाली दुरुस्त झाली. त्या पाचांत वर्गणी न भरणारे आम्ही तिघे होतो. जूनपासून मी पुन्हा वर्गणी भरू लागले. उपकाराची फेड म्हणून नव्हे. ही फाइल तयार करायला लागलेले तास आणि त्या बाईचे प्रशिक्षण कोणाच्या पैशांतून झाले, हे आता मला दिसले होते, म्हणून.

त्या काळात सेवेचा दर्जा घसरला का? होय, घसरला, आणि तो एका दिवसात घसरला नाही म्हणून लवकर लक्षात आला नाही. २०१४ मध्ये आमच्या इमारतीत पाच स्टुअर्ड होते, २०१८ मध्ये दोन उरले, आणि रात्रपाळीला एकही नव्हता. त्यांचे वार्षिक प्रशिक्षण बंद झाले. आधी ज्या तक्रारी लवादापर्यंत नेल्या असत्या त्या अर्ध्यावर तडजोड करून मिटवल्या जाऊ लागल्या, कारण हरलो तर खर्च परवडणार नाही, असे आमच्या शाखेचे लोक उघड सांगत. २०१७ च्या वाटाघाटींत रुग्णालयाच्या बाजूने वकील आणि हिशेबनीस होते; आमच्या बाजूला स्वतःच्या रजा टाकून आलेले कर्मचारी होते. निवृत्तिवेतनाचा जुना हिस्सा नव्या लोकांसाठी त्याच करारात गेला. तो केवळ या कायद्यामुळे गेला असे म्हणणे अन्याय्य ठरेल, कारण तोच बदल देशभर, हा कायदा असलेल्या आणि नसलेल्या राज्यांतही चालू होता. पण टेबलाच्या आपल्या बाजूला कोण बसले आहे याने फरक पडतो, हे त्या खोलीत बसलेल्या कोणालाही विचारावे.

याच काळातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे आणि राइट टू वर्कच्या समर्थकांच्या म्हणण्यातला सर्वांत भक्कम भाग तीच आहे. वर्गणी बंधनकारक असताना पहिल्या पाच वर्षांत युनियनचा एकही माणूस रात्रपाळीला येऊन माझ्याशी बोलला नव्हता. पहिल्या आठवड्यात एक पाकीट मिळाले, बस्स. वर्गणी ऐच्छिक झाल्यावर ते आले. पहाटे दोन वाजता विश्रांतीच्या खोलीत बसून त्यांनी आम्हाला जमाखर्च समजावून सांगितला, कोणाला काय हवे ते विचारले, वर्षातून एकदा हिशेबाची सभा घेतली. ग्राहक सोडून जाऊ शकतो हे कळल्यावर दुकानदार उठून उभा राहतो, तसेच हे झाले. हा फायदा मी नाकारत नाही. मात्र उठून उभा राहिलेल्या दुकानदाराकडचा माल दरवर्षी कमी होत गेला, हेही त्याच्याच बरोबरीने लिहावे लागते.

एका शाखेच्या अनुभवावरून राज्याबद्दल बोलता येत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत मी या विषयावरचे संशोधनही जमेल तेवढे वाचले. सभासदसंख्येवरच्या परिणामाबद्दल फारसा वाद नाही. एलवूड आणि फाइन यांनी १९८७ मध्ये दाखवले की कायदा आल्यानंतर पहिल्या पाच वर्षांत नव्या कामगारांना संघटित करण्याचे काम जवळजवळ निम्म्याने घटते. मिशिगनमध्ये २०१२ साली १६.६ टक्के नोकरदार युनियनचे सभासद होते, २०२२ मध्ये १४ टक्के उरले. अर्थात सगळ्या अमेरिकेतच हा आकडा १९८३ मधल्या २०.१ टक्क्यांवरून २०२३ मध्ये १० टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे मिशिगनची सगळी घट कायद्याच्या खात्यावर टाकता येणार नाही.

वेतनाच्या बाबतीत गुंतागुंत अधिक आहे. नुसती सरासरी पाहिली तर राइट टू वर्क राज्यांतले पगार बरेच कमी दिसतात, पण त्यांतली अनेक राज्ये दक्षिणेकडची आहेत, तिथे हा कायदा येण्याआधीही पगार कमीच होते आणि राहणीचा खर्चही कमी आहे. वॉशिंग्टनमधल्या, कामगारांच्या बाजूने झुकणाऱ्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने शिक्षण, वय, उद्योग, राहणीमान असे फरक वजा करून २०१५ मध्ये ही तफावत ३.१ टक्के असल्याचे मांडले. ओक्लाहोमाने २००१ मध्ये केलेल्या कायद्याचा अभ्यास एरेन आणि ओझबेकलिक यांनी केला. त्यांना खासगी क्षेत्रातली सभासदसंख्या घटलेली दिसली, पण वेतनावर आणि एकूण रोजगारावर ठळक परिणाम आढळला नाही. मला सर्वांत पटलेले काम फोर्टिन, लेमियू आणि लॉइड या तिघांचे, कारण त्यांनी २०११ नंतर कायदा करणाऱ्या पाच राज्यांचा, म्हणजे आमच्याही राज्याचा, आधीचा आणि नंतरचा काळ ताडून पाहिला. त्यांच्या मते पाच वर्षांत सभासदांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांच्या फरकाने घटते आणि वेतन सुमारे १ टक्क्याने कमी होते.

१ टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून मी तो माझ्या वर्गणीशेजारी ठेवून पाहिला. वर्षाला ६०,००० डॉलर मिळवणाऱ्या माणसाचा १ टक्का म्हणजे ६०० डॉलर, आणि माझी आजची वर्षाची वर्गणी ६९६ डॉलर. वरवर पाहता वर्गणी वाचवणाराच ९६ डॉलरने फायद्यात राहतो. परंतु हा १ टक्का सर्व कामगारांची सरासरी आहे. ज्यांचा युनियनशी कधी संबंधच आला नाही तेही त्यात मोजलेले आहेत. शंभरांतले चारच जण युनियनबाहेर गेले आणि शंभरांची सरासरी १ टक्क्याने उतरली, तर याचा अर्थ असा होतो की त्या चौघांचे नुकसान बरेच मोठे आहे, किंवा युनियनच्या धाकाने शेजारचा मालक जो चांगला पगार देत होता तोही आता हात आखडता घेतो आहे. या संशोधकांनाही दुसऱ्या शक्यतेचा संशय आहे. वर्गणी वाचवताना मी फक्त माझा हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात मी बरोबर होते. शेजारच्या, युनियन नसलेल्या रुग्णालयात काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार माझ्या हिशेबात कुठेच नव्हता.

सुरक्षिततेबद्दल मायकेल झूरोब यांचा १९९२ ते २०१६ या काळावरचा अभ्यास आहे, आणि या कायद्यांमुळे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे १४ टक्क्यांनी वाढला असा त्यांचा अंदाज आहे. एकाच अभ्यासावर मी सगळा भार टाकणार नाही. तरी सुया आणि संसर्गजन्य नमुने हाताळणाऱ्या खात्यात, धोक्याची तक्रार करणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे आहे की नाही याने काय फरक पडतो, ते मी पाहिले आहे.

मग राज्याला काय मिळते? कारखाने येतील, रोजगार वाढेल, हे आश्वासन २०१२ मध्ये मिशिगनची राजधानी लॅन्सिंग इथल्या विधिमंडळात दिले गेले, आणि शेजारच्या इंडियानाने त्याच वर्षी फेब्रुवारीत कायदा केल्यामुळे आपण मागे पडू अशी भीतीही घातली गेली. हे आश्वासन पूर्णपणे पोकळ नाही. थॉमस होम्स यांनी १९९८ मध्ये राज्यांच्या सीमांना लागून असलेल्या जिल्ह्यांची तुलना केली, तेव्हा सीमा ओलांडून राइट टू वर्क राज्यात जाताच एकूण रोजगारातला कारखान्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला दिसला. पण होम्स यांनी स्वतःच स्पष्ट केले होते की हा कायदा त्यांनी उद्योगांना अनुकूल अशा सगळ्या धोरणांची खूण म्हणून वापरला आहे. कमी कर, जमिनी, सवलती यांपासून एकट्या कायद्याचा परिणाम वेगळा काढलेला नाही. ऑस्टिन आणि लिली यांच्या अलीकडच्या अभ्यासातही सीमेजवळच्या जिल्ह्यांत कारखान्यांचा वाटा ३.२ टक्क्यांच्या फरकाने जास्त आढळला, आणि वेतन घटल्याचे त्यांना दिसले नाही. त्यामुळे काही कारखाने या कायद्याकडे पाहून जागा निवडतात हे मी मान्य करते. मात्र सीमेपलीकडे गेलेला कारखाना देशात नव्याने उभा राहिलेला नसतो. एका राज्याची कमाई ती दुसऱ्याची घट असते. मिशिगनपुरते बोलायचे तर २००९ च्या मंदीतून वाहनउद्योग सावरू लागला होता तेव्हाच हा कायदा आला, आणि त्यानंतर वाढलेल्या नोकऱ्यांचे श्रेय त्याला देणे मला पटत नाही.

कायदा असला म्हणजे सेवा मरतेच असेही नाही. नेवाडात १९५० च्या दशकापासून हा कायदा आहे, तरीही लास व्हेगसच्या हॉटेल कामगारांची क्युलिनरी युनियन सुमारे ६०,००० लोकांची आहे आणि तिचा करार देशभरात नावाजला जातो. टेनेसीत, जिथे कायदा १९४७ पासून आहे आणि २०२२ मध्ये तो राज्यघटनेतही घालण्यात आला, तिथल्या चॅटनूगा शहरातल्या फोक्सवॅगनच्या कामगारांनी २०१४ आणि २०१९ मध्ये युनियन नाकारून एप्रिल २०२४ मध्ये ती मोठ्या बहुमताने स्वीकारली. दारोदार जाऊन माणसे जोडणारी शाखा या कायद्यातही तगते. आमची शाखा तशी नव्हती, ती सवयीवर चालत होती, म्हणून तिला फटका जास्त बसला.

फेब्रुवारी २०२४ नंतरची स्थिती अशी. कायदा रद्द झाल्याने शुल्काची अट आपोआप परत येत नाही, ती करारात मिळवावी लागते. आमच्या नव्या करारात ती आली आहे. आता चार स्टुअर्ड आहेत, त्यांचे प्रशिक्षण पुन्हा सुरू झाले आहे, आणि मागच्या वर्षी दोन तक्रारी लवादापर्यंत गेल्या. सरकारी नोकरीतल्या वाचकांना मात्र हे लागू नाही, कारण २०१८ च्या जेनस निकालाने सरकारी कर्मचाऱ्यांकडून सक्तीचे शुल्क घेणे देशभर घटनाबाह्य ठरवले आहे.

ज्यांना ही सेवा घ्यायची की नाही हे ठरवायचे आहे, त्यांनी दोन गोष्टी आधी कराव्यात. कराराची पुस्तिका मागून घ्यावी आणि शिस्तीचे कलम व तक्रारीच्या पायऱ्या वाचाव्यात. आणि अमेरिकी कामगार खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या युनियनचा वार्षिक आर्थिक अहवाल उघडावा. १९५९ च्या कायद्यानुसार खासगी क्षेत्रातल्या युनियनना तो भरावाच लागतो, तो सर्वांना खुला असतो, आणि मोठ्या युनियनच्या अहवालात प्रतिनिधित्वावर किती, राजकारणावर किती आणि कार्यालयावर किती खर्च झाला हे वेगवेगळे दिसते. सभासद न होता केवळ प्रतिनिधित्वाचे शुल्क भरायचे असेल तर तेही लेखी मागता येते, हे माझ्यासारखे पाच वर्षांनी कळू देऊ नये.

माझ्याकडून पाचांपैकी चार तारे. त्या नव्या मुलीला मी सभासद हो असेच सांगितले आहे. एक तारा राखून ठेवला आहे तो दोन कारणांसाठी. शुल्क बंधनकारक झाल्यापासून वार्षिक हिशेबाची सभा झालेली नाही, आणि विश्रांतीच्या खोलीतल्या फलकावर रात्रपाळीच्या स्टुअर्डच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. दोन्ही गोष्टी मी शाखेला लेखी कळवल्या आहेत. सभेची तारीख मार्गावर आहे असे उत्तर आले. कोऱ्या जागेबद्दलच्या उत्तरासोबत त्यांनी प्रशिक्षणाचा अर्ज पाठवला आहे, आणि तो भरून मी परत दिला आहे.